चार अक्षरांत सेल्माबाई



गेल्या महिन्यात आमच्या ह्यांच्या हापिसात सगळ्यांकडून एक प्रश्नावली भरून घेतली आणि प्रत्येकाच्या हाती चार इंग्रजी अक्षरं ठेवली. हा म्हणे तुमचा स्वभाव! युंगच्या १९२१ सालच्या ग्रंथावरून कॅथरीन ब्रिग्ज आणि इझाबेल मायर्स या अमेरिकन मायलेकींनी ही पद्धत बेतली. एकूण सोळा खण. कुठल्यातरी एकात तुम्ही बसायलाच हवं. मानसशास्त्राचे अभ्यासक तिला फारसं मानत नाहीत, पण खेळ म्हणून झकास!

मग जेवणाच्या टेबलावर आम्हीही खेळलो. धाकटी सध्या हंसाच्या पाठीवरून स्वीडन पाहणाऱ्या निल्सची गोष्ट वाचतेय, म्हणून तिच्या लेखिकेलाच खणात बसवायचं ठरलं. सेल्मा लागरलॉफ, १९०९ साली साहित्याचं नोबेल मिळवणारी पहिली स्त्री.

अंतर्मुख की बहिर्मुख? आम्ही म्हटलं, अंतर्मुखच! लहानपणी कमरेच्या दुखण्यानं अधू झालेली, आजीजवळ बसून गोष्टी ऐकणारी मुलगी. पण हीच सेल्मा पुढे लांड्सक्रोनाच्या मुलींच्या शाळेत दहा वर्षं बाई होती आणि १९११ साली स्टॉकहोमच्या स्त्री-मताधिकार परिषदेत जगभरच्या बायकांसमोर बोलली.

कल्पनेत रमणारी की वस्तुस्थिती धरून चालणारी? निल्स म्हणजे कल्पनाच. पण शिक्षकसंघटनेनं ते पुस्तक मागितलं होतं भूगोल शिकवण्यासाठी, आणि बाईंनी आधी देशातले पशुपक्षी, झाडंझुडपं, लोककथा यांचा कसून अभ्यास केला होता.

भावना की हिशेब? वडील १८८५ साली गेले, कर्जापायी मोरबाकाचं राहतं घर विकावं लागलं. नोबेलच्या मेजवानीत बाईंनी त्याच वडिलांशी काल्पनिक संवाद रंगवला: ज्यांनी मला गोष्टी दिल्या, त्यांचं ऋण मी कसं फेडू? म्हणजे भावना. पण लेखणीच्या कमाईतून १९०७ साली घर आणि १९१० साली, नोबेलचे पैसे हाताशी आल्यावर, जमीनही सोडवून आणली. हा चोख हिशेब नाही तर काय? गावाकडचं घर डोळ्यांसमोर असलेल्या आपल्यासारख्यांना तो चटकन कळावा.

शेवटच्या अक्षरापर्यंत आम्ही पोचलोच नाही. मध्येच धाकटी म्हणाली, "आई, माझ्या रिपोर्टवर 'क्वायट' लिहिलंय. म्हणजे माझं पहिलं अक्षर ठरलं का?"

आम्ही दोघं एकमेकांकडे पाहत राहिलो. तो शेरा वाचून आम्हीही तिला चार ठिकाणी "आमची ही जरा अबोल" म्हणून मोकळे झालो होतो. आणि दर रविवारी फोनवर आजीशी मराठीत ही तासभर बोलते, फोन ठेवायला सांगावं लागतं! ते कुठल्या रिपोर्टात येणार?

तेव्हा आमच्या घरात त्या दिवसापासून 'अबोल' हा शब्द बंद. मंडळी, तुमच्याकडे कोणाला कुठला शिक्का बसलाय? जरूर कळवा. भेटू पुढच्या अंकात!