'चार्ज' म्हणजे नक्की काय?

एनडीएच्या लेखी परीक्षेत सामान्य क्षमता चाचणीच्या 600 गुणांपैकी 200 गुण इंग्रजीला असतात. त्यामुळे आमच्या डॉर्मिटरीत दहावीपासूनच प्रत्येकाकडे शब्दांची यादी सापडते. डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ, दिवसाला वीस पाठ. या यादीवर आपण जरा जास्तच विश्वास टाकतो, असे माझे मत आहे.

'चार्ज' हा साधा शब्द घ्या. यादीत त्याच्यासमोर 'आरोप' लिहिलेले असते. पण जिम कॉर्बेटच्या 1944 सालच्या 'मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊं'मध्ये वाघीण चार्ज करते, तेव्हा ती कोणावर आरोप करत नाही. विज्ञानाच्या पुस्तकात तोच चार्ज तारेतून वाहतो आणि त्याला आपण करंट म्हणतो. युद्धकथेत संगिनी लावून चार्ज होतो, क्रिकेटच्या बातमीत फलंदाज क्रीझ सोडून धावतो तोही चार्ज, आणि हाऊसचा चार्ज कॅप्टनकडे असतो. हे सगळे एका यादीत मावणार कसे?

म्हणूनच नुसते पुष्कळ वाचून भागत नाही, वेगवेगळे वाचावे लागते. आमच्यात काही जण फक्त थरारकथा वाचतात. पिस्तुलाच्या प्रत्येक भागाचे इंग्रजी नाव त्यांना येते, पण अग्रलेखाच्या पहिल्याच परिच्छेदात अडतात. शिवाय असे वाचताना ओळखीचे शब्दही भेटतात. इंग्रजीतला 'मंगूस' हा आपल्या मराठी मुंगसावरून गेला आहे, आणि आपण झोपतो ती कॉट मूळची आपली खाटच. (हे कळल्यापासून ती जरा कमी टोचते.)

परीक्षेला दोन महिने उरले की उजळणीला यादी हवीच, ते मान्य. पण त्यासाठी लायब्ररीचा तास शब्दचाचणीला देऊ नये. सरांना विनंती आहे की चाचणी संध्याकाळच्या प्रेपमध्ये घ्यावी. आठवड्यातला तो एक तास गेला, तर आम्ही वाचणार कधी?

पालकांनीही पार्सलमध्ये लाडवांबरोबर एखादे इंग्रजी पुस्तक टाकावे. पक्षी, रेल्वे, स्वयंपाक, विषय कोणताही चालेल. फक्त फार अवघड नको. पानाला दहा शब्द अडले की पुस्तक उशाखाली जाते आणि फक्त लाडू संपतात.