वळिवडेमार्गे वॉर्सा

परदेशात शिकायला जायचे म्हटले की सोलापूरकर पालकांच्या डोळ्यांपुढे अमेरिका, इंग्लंड, जर्मनी, फार तर ऑस्ट्रेलिया उभे राहते. विषयही ठरलेले, संगणक, नाही तर व्यवस्थापन. अशा घरात एखादी मुलगी ‘मला पोलंडच्या उन्हाळी वर्गाला जायचे आहे, तिथला इतिहास आणि संस्कृती शिकायला,’ असे म्हणाली, तर पहिला प्रश्न येणार, ‘त्याचा उपयोग काय?’ प्रश्न रास्त आहे. विमानभाडे, व्हिसा, राहणे-खाणे हा खर्च मध्यमवर्गीय घराला हलका नाही. म्हणून उत्तरही सरळ दिले पाहिजे.

पोलंडमधील अनेक विद्यापीठे जुलै-ऑगस्टमध्ये परदेशी विद्यार्थ्यांसाठी काही आठवड्यांचे वर्ग भरवतात. त्यांत भाषेचे धडे असतात, इतिहास-कलेवरची व्याख्याने असतात आणि जुनी शहरे, संग्रहालये दाखवली जातात. १३६४ मध्ये स्थापन झालेल्या आणि कोपर्निकस जिथे शिकला त्या क्राकूवच्या यागेलोनियन विद्यापीठातही असे वर्ग होतात. त्यांच्या प्रमाणपत्रावर कोणी मोठ्या पगाराची नोकरी देईल, असे मुळीच नाही. मग जायचे कशासाठी?

आपल्या शेजारच्या जामखेड तालुक्यातल्या खर्ड्यावर मराठ्यांनी निजामाचा पराभव केला ते साल १७९५. त्याच साली रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी पोलंडची शेवटची वाटणी केली आणि एक देश नकाशावरून पुसला गेला. तो पुन्हा उभा राहिला १९१८ मध्ये, १२३ वर्षांनी. मधल्या काळात त्याला जिवंत ठेवले ते भाषेने, कवितेने, संगीताने आणि घराघरांतून जपलेल्या आठवणींनी. संस्कृती ही केवळ फावल्या वेळची चैन आहे, असे मानणाऱ्याने पोलंडचा इतिहास जरूर वाचावा.

या इतिहासाचे एक पान आपल्या मराठी मातीत लिहिले गेले आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला पोलंडच्या पूर्व भागातून लाखो लोकांना रशियाने सैबेरियात आणि कझाकस्तानात हाकलले. त्यांतून वाचलेली काही बायका-मुले इराणमार्गे भारतात पोहोचली आणि १९४३ पासून १९४८ पर्यंत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे राहिले. खर्चाचा मुख्य भार लंडनमधल्या पोलिश सरकारने उचलला; आसऱ्याची जमीन कोल्हापूर संस्थानातली होती. तिथे शाळा होत्या, चर्च होते, दवाखाना होता. ती माणसे गेली आणि फाळणीनंतर त्याच वसाहतीत सिंधी निर्वासित आले. आज आपले कापड व्यापारी ज्या गांधीनगरच्या बाजारपेठेत खरेदीला जातात, तीच ही जागा! एका देशाच्या बेघरांनी सोडलेल्या छपराखाली दुसऱ्या बेघरांनी संसार थाटले.

पोलंड हे विसरला नाही. वॉर्सामध्ये २०१७ पासून कोल्हापूरचे स्मारक उभे आहे. बालाचडी येथे पोलिश मुलांना आसरा देणाऱ्या नवानगरच्या जामसाहेबांच्या नावे तिथे चौक आहे. आणि आपल्या किती मुलांना वळिवडे ठाऊक आहे? त्या छावणीत लहान असलेली जी माणसे आज हयात आहेत, त्यांनीही ऐंशी ओलांडली आहे. सांगणारे गेल्यावर उरतील ते फक्त दगड.

सोलापूरच्या मुलांना पोलंडमध्ये आणखी एक ओळखीचे शहर भेटेल. नकाशावर लोड्झ लिहिलेले, उच्चारात ‘वूच’. ते आपल्यासारखेच गिरणगाव. आपल्या गिरण्यांत आणि मागांवर जशी मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू कानी पडे, तशी तिथे पोलिश, जर्मन आणि ज्यूंची यिडिश कानी पडे. युद्धापूर्वी त्या शहराचे सुमारे एक तृतीयांश लोक ज्यू होते. नाझींनी १९४० मध्ये त्यांना एका कोंडवाड्यात डांबले आणि पुढे बहुतेकांना मारले. युद्ध संपल्यावर जर्मनही गेले. पाच-सहा वर्षांत एका बहुभाषी शहरातून दोन भाषा जवळजवळ नाहीशा झाल्या. चार भाषांच्या गावात वाढलेल्या मुलाला याचा अर्थ कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा तिथल्या रस्त्यांवर अधिक कळेल. आणि बंद पडलेल्या गिरण्यांपैकी एकीत तिथे वस्त्रोद्योगाचे संग्रहालय आहे, दुसरीचे २००६ मध्ये भव्य बाजार आणि करमणूक केंद्र झाले, हे पाहून आपल्या गिरण्यांच्या जागांचे आपण काय केले, असा प्रश्न त्याला पडला तर तोही फायदाच.

परक्या भूमीशी नाते जोडणे सोलापूरला नवे नाही. डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले, ते हिशेब मांडून नव्हे. चिनी माणसे आजही त्यांचे नाव आदराने घेतात. प्रत्येकाने कोटणीस व्हावे, अशी अपेक्षा कोणी करणार नाही. पण जगाकडे केवळ पगाराची बाजारपेठ म्हणून पाहू नये, एवढे तर त्यांच्या गावाने शिकावे.

अडचणी आहेत. त्यांचा उन्हाळा म्हणजे आपला आषाढ-श्रावण. महाविद्यालये नुकतीच उघडलेली असतात. म्हणून आपल्या विद्यापीठाने अशा वर्गांना हजेरीत सवलत आणि अभ्यासाचे श्रेयांक द्यावेत. गरीब पण हुशार मुलांसाठी शहरातल्या कापड व्यापाऱ्यांनी दोन-तीन शिष्यवृत्त्या ठेवाव्यात. भारताने २०२४ मध्ये जामसाहेबांच्या नावाने दरवर्षी वीस पोलिश तरुणांना इकडे बोलावण्याची योजना जाहीर केली. त्यांतल्या काहींना सोलापुरात आणावे, आपल्या घरी भाकरी-शेंगाचटणी खाऊ घालावी.

आणि जाणाऱ्या मुलांना एकच अट घालावी. विमानात बसण्याआधी त्यांनी दोन दिवस वळिवड्याला काढावेत, गांधीनगरच्या वृद्ध सिंधी मंडळींशी, आसपासच्या गावकऱ्यांशी बोलावे, ऐकलेले लिहून न्यावे. रिकाम्या हाताने पाहुण्यांकडे जाऊ नये, ही आपली रीत आहे. वॉर्साच्या वर्गात ‘तुम्ही इथे का आलात?’ असे कोणी विचारले, तर आपल्या मुलांना सांगता आले पाहिजे, ‘तुमची माणसे एकदा आमच्याकडे राहून गेली आहेत.’