शुक्रवारची संध्याकाळ

मंडळी, आज एक जुनी चूक कबूल करायची आहे. पण त्याआधी थोडं प्रवासवर्णन ऐकावं लागेल. मास्तराची खोड, दुसरं काय!

२०२३ च्या जूनमध्ये आम्ही दोघं लेकीकडे अमेरिकेत होतो. तिच्या शेजारी एक निवृत्त जोडपं राहतं, वयाने आमच्याएवढंच. त्यांच्याकडे आरव्ही आहे, म्हणजे चाकांवरचं घर. पुढे मोटार, मागे पलंग, शेगडी, फ्रीज आणि कपाटाएवढी न्हाणी. "चार दिवस चला आमच्याबरोबर," म्हणाले. मी आढेवेढे घेत होतो, तोवर हिची बॅग भरून झाली होती.

व्हर्जिनियातल्या ब्लू रिज पार्कवे नावाच्या रस्त्यावर आमचा मुक्काम होता. हा रस्ता डोंगरांच्या माथ्यावरून ४६९ मैल, म्हणजे सुमारे ७५५ किलोमीटर जातो. मंदीच्या काळात १९३५ साली काम सुरू झालं आणि शेवटचा तुकडा जोडला गेला तो १९८७ मध्ये. (आपल्याकडच्या रस्त्यांना उगीच नावं ठेवतो आपण!) इथे मालट्रक नाहीत, जाहिरातींचे फलक नाहीत आणि ताशी ४५ मैलांच्या वर जायचं नाही. कुठे पोचायची घाई असेल त्याने इथे येऊच नये. रॉकी नॉबच्या तळावर विजेची जोडणी नव्हती. पाणीही टाकीतलंच, त्यामुळे तांब्याच्या हिशेबाने आंघोळ. आमचं बालपण तसंच गेलेलं, आम्हाला काहीच जड गेलं नाही. यजमानांनाच आमचं कौतुक!

शुक्रवारी सकाळी निघालो. मेब्री मिल ही जुनी पाणचक्की बघितली. तळ्यात पडलेलं तिचं प्रतिबिंब कॅलेंडरवर छापावं असं. पुढे रस्त्याकडेला एक लाकडी झोपडी लागली, पकेट केबिन. तिथे राहणारी ऑर्लीना पकेट ही बाई सुईण होती. तिला स्वतःला चोवीस मुलं झाली, पण एकही बाळपणापलीकडे जगलं नाही. पन्नाशी उलटल्यावर तिने हे काम हाती घेतलं आणि हजारावर बाळंतपणं केली. १९३९ साली वारली. हिने मला ती पाटी दोनदा वाचून दाखवायला लावली. नंतर गाडीत बराच वेळ गप्प होती.

संध्याकाळी फ्लॉइड गावी गेलो. सबंध तालुक्यात एकच सिग्नल, असं हे गाव. तिथल्या फ्लॉइड कंट्री स्टोअर नावाच्या दुकानात दर शुक्रवारी गाणंबजावणं असतं. पहिला तासभर भक्तिगीतं. मग फिडल, बँजो, गिटारवाले जमले आणि दुकानातली माणसं उठून नाचायलाच लागली. काहींच्या बुटांना लोखंडी पट्ट्या, लाकडी जमिनीवर नुसता टपटपाट. दारू नाही, धिंगाणा नाही. कडेवरच्या पोरापासून ऐंशीच्या आजोबांपर्यंत सगळे एकाच जागी.

यजमानीणबाईंनी हिचा हात धरला. ही पंजाबी ड्रेस आणि कॅनव्हासच्या बुटांत. मला वाटलं, नाही म्हणेल. पण ही गेली, आणि मंगळागौरीतली पावलं त्या फिडलच्या ठेक्यावर अशी बेमालूम बसवली की लोक बाजूला होऊन टाळ्या द्यायला लागले! मग एक संथ चाल लागली, जोडीजोडीने नाचायची. हिने मला खूण केली. मी गुडघा दाखवला. यजमान म्हणाले, "चालता येतं ना? मग हेही येतं." गेलो. लग्नाला अठ्ठेचाळीस वर्षं झाली होती. चारचौघांत हिचा हात लग्नाच्या दिवशी धरला होता, त्यानंतर हाच.

रात्री आरव्हीतल्या अरुंद पलंगावर ही अंधारात म्हणाली, "अहो, एक्याऐंशी सालच्या त्या वरातीत तुम्ही मला काय म्हणाला होतात, आठवतंय?"

मी "नाही" म्हणालो. खोटं बोललो. चांगलं आठवत होतं. माझ्या चुलतभावाची वरात होती. बायकांच्या घोळक्यात ही दोन मिनिटं नाचली असेल. मी जवळ जाऊन म्हणालो होतो, "शिक्षकाच्या बायकोला हे शोभत नाही." तेव्हा ही अठ्ठावीस वर्षांची होती. त्यानंतर कुठल्याही लग्नात मी हिला नाचताना पाहिलं नाही, आणि ते माझ्या कधी लक्षातही आलं नाही.

आता लगेच कोणीतरी म्हणेल, "हे तिकडचं, आपल्या संस्कृतीत बसत नाही." का नाही बसत? वारीत सत्तरीच्या आजी-आजोबांना फुगड्या घालताना, पावली खेळताना आपण बघतोच, आणि हातही जोडतो. तिथे कोणाला काही अशोभनीय वाटत नाही, कारण विठोबाची परवानगी असते. फ्लॉइडच्या म्हाताऱ्यांना शुक्रवार एवढं निमित्त पुरतं, इतकाच फरक. तिकडे सगळं गोड आहे असंही माझं म्हणणं नाही. घर परवडत नाही म्हणून गाडीत राहणारे म्हातारेही तिकडे आहेत. आमच्या यजमानांची मुलंही दूरच, दिवाळीला, म्हणजे त्यांच्या ख्रिसमसला, भेटणारी. पण आनंद करायला ते कोणाची वाट बघत बसलेले नाहीत.

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात मधुमेहावर व्याख्यानं होतात, गुडघ्यांवर होतात, मृत्युपत्रावर तर दरवर्षी होतं. सगळं हवंच. पण महिन्यातून एक संध्याकाळ खुर्च्या भिंतीला लावाव्यात, तबला-पेटी आणावी आणि जोडीने या म्हणावं, एवढीच माझी सूचना. एकटे राहिलेल्यांनीही यावं, फ्लॉइडला तसे कितीतरी होते. मागच्या बैठकीत मी हे मांडलं तर हशा झाला. असो. बैठक संपल्यावर मात्र एक गृहस्थ जिन्यात गाठून हळूच म्हणाले, "मास्तर, कधीपासून सुरू करताय?"

हा लेख ही वाचणार आहे. तेव्हा त्या रात्रीचं उत्तर इथेच देतो. आठवतंय गं. चुकलं माझं.