लाल बावट्याची घरे

पक्षाला मन असते का, असा प्रश्न निवडणुकीचे पंडित विचारत नाहीत. त्यांना टक्केवारी पुरते. शेतकरी कामगार पक्षाचे मात्र टक्केवारीने भागत नाही. काँग्रेसमध्ये कष्टकरी शेतकऱ्याला कोणी विचारत नाही, या रागातून १९४७ साली शंकरराव मोरे, केशवराव जेधे यांनी तो काढला. १९५० च्या दाभाडी प्रबंधाने त्याला मार्क्सवादाची बैठक दिली. पुढे मोरे आणि जेधे दोघेही काँग्रेसमध्ये परतले. संस्थापक गेले आणि कार्यकर्ते बावटा धरून उभे राहिले! तो दुखरा अभिमान शेकापच्या रक्तात अजून आहे, असे मला वाटते.

बँकेच्या नोकरीत काही वर्षे मी सोलापूर जिल्ह्यात काढली. सांगोल्याकडचा शेतकरी जामीनदाराची ओळख करून देताना ‘पक्षातला माणूस आहे’ एवढेच म्हणे. कोणत्या पक्षातला, हे सांगावे लागत नसे. (असली कर्जे बहुधा वेळेवर फिटत, हेही नोंदवून ठेवतो.)

त्या विश्वासाचे नाव गणपतराव देशमुख. १९६२ पासून अकरा वेळा आमदार, आणि प्रवास एसटीने. १९७२ आणि १९९५ ला ते पडले, पण घरे फुटली नाहीत. २०१९ ला ते उभे राहिले नाहीत. नातू अनिकेत अवघ्या ७६८ मतांनी हरले. २०२१ च्या जुलैत आबासाहेब गेले. २०२४ ला दुसरे नातू बाबासाहेब निवडून आले, तेव्हा म्हाताऱ्या डोळ्यांना पाणी आले असेल. मात्र साऱ्या राज्यात पक्षाची जागा तेवढी एकच. अलिबागसारख्या बालेकिल्ल्यात २०१९ पाठोपाठ त्याही वेळी पराभव.

याला मी पुनर्जन्म म्हणणार नाही. आजोबांवरची माया सातबाऱ्यासारखी नातवाच्या नावावर चढते. दाभाडीचा विचार तसा चढत नाही. जुन्या ठेवीच्या व्याजावर संसार चालला आहे, आणि नवी ठेव कोणी ठेवीत नाही.

ती पूर्वी कुठून येत असे? मतपेटीतून नव्हे. आटपाडीच्या पाणी परिषदेत नागनाथअण्णा नायकवडींच्या शेजारी गणपतराव वर्षानुवर्षे बसले, दुष्काळी तालुक्यांसाठी कृष्णेचे पाणी मागत राहिले. आज टेंभूचे पाणी सांगोल्याच्या शिवारात आले आहे. त्यावर डाळिंब लावणाऱ्या तिशीतल्या पोराला ते कोणी भांडून आणले हे ठाऊक नाही, आणि डाळिंबाचा भाव कोसळतो तेव्हा लाल बावट्याचा माणूस त्याच्या बांधावर पोचत नाही.