हळद लावा, पण आधी कीटण काढा



चाळिशी ओलांडली की दात हलायचेच, अशी समजूत गावोगावी पक्की बसली आहे. ज्वारीची भाकरी कडक लागू लागते, माणूस ती वरणात कुस्करतो आणि वयाला बोल लावतो. पुष्कळदा दोष वयाचा नसतो, हिरडीच्या रोगाचा असतो. या रोगावर हळदीच्या, कडुनिंबाच्या गोळ्या, मलमे, चुळा बाजारात मिळतात. बांधावरची लिंबोळी कवडीमोलाने जाते आणि तिचाच अर्क डबीत भरून आपल्याला विकला जातो. त्याने रोग बरा होतो काय, एवढेच आम्ही विचारतो.

उत्तर अर्धे होय, अर्धे नाही. दात खरवडून साफ केल्यावर हळदीच्या अर्काचे मलम हिरडीत भरले तर सूज आणि रक्त येणे काहीसे कमी होते, असे दंतवैद्यांच्या छोट्या चाचण्यांत दिसले आहे. कडुनिंबाच्या चुळांनी दातांवरचा थरही कमी बसतो. फायदा माफक आहे, पण आहे. मात्र ‘खरवडून साफ केल्यावर’ हे शब्द विकणारा गाळतो.

कापूसवाल्याला हे वेगळे सांगायला नको. ५ टक्के लिंबोळी अर्क अंड्यांवर आणि लहान अळ्यांवर चालतो. गुलाबी बोंडअळी बोंडात शिरली, की वरून कितीही फवारा, व्यर्थ. दातावरचा थर मऊ आहे तोवर काडी, ब्रश, चुळा त्याला आवरतात. त्याचे दगडासारखे कीटण होऊन ते हिरडीखाली उतरले, की दंतवैद्याच्या हत्याराशिवाय निघत नाही. खरवडल्याने दात ढिले होतात, ही भीती खोटी आहे. रोगाने आतले हाड आधीच झिजलेले असते; कीटण निघाल्यावर ते नुसते लक्षात येते. आणि झिजलेले हाड कोणतीही जडीबुटी परत आणत नाही.

मंजनात आणि पेस्टमध्ये तंबाखू घालण्यावर १९९२ साली सरकारने बंदी घातली. घरच्या तव्यावर भाजलेली मिश्री चालूच राहिली. तंबाखूने हिरडी मागे सरते. सकाळी मिश्री आणि रात्री हळदीची गोळी, हा पैशाचा नास आहे. मधुमेह असणाऱ्यांनी साखर आवरावी, नाहीतर हिरडी लवकर जाते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हळदीची कॅप्सूल घेऊ नये.

नागपूरला आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालये आहेत. पण मजुरी बुडवून, एस.टी.चे भाडे भरून तिथवर किती जण जाणार? म्हणून जिल्हा बैठकीत ठराव व्हावा: प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात दंतवैद्य हवा, दात साफ करण्याचे यंत्र हवे आणि ते चालू हवे.

ब्रश करताना रक्त दिसले, तर डबी घेण्याआधी दात दाखवा. हळद त्यानंतर.