चित्राचा रंग कोण ठरवतो?

पडद्यावर झगझगीत दिसणारा निळा मोर कागदावर मलूल का उमटतो? तो निळा छपाईच्या शाईच्या आवाक्याबाहेर असतो. मग सॉफ्टवेअर तडजोड करते. इंटरनॅशनल कलर कन्सॉर्टियमच्या (स्थापना १९९३) नियमांत तिचे चार प्रकार आहेत. ‘पर्सेप्च्युअल’मध्ये सगळेच रंग थोडे आकसतात, पण छटांमधला चढउतार टिकतो. ‘रिलेटिव्ह कलरिमेट्रिक’मध्ये आवाक्यातले रंग तसेच राहतात, बाहेरचे मात्र सीमेवर आणून बसवले जातात आणि मोराची मान सपाट दिसते. मोराला पहिला प्रकार बरा. वैश्विक दर्शकाच्या छायाचित्राला मात्र दुसराच हवा, असे माझे मत आहे. तेथे रंग सरकला की सामू चुकला! अनेक सॉफ्टवेअर ही निवड आपल्याला न विचारताच करतात, हे मला पटत नाही. प्रयोगवहीसाठी चित्र छापताना ती निवड कोठे दडली आहे, शोधून पाहा.