आधी आई-बाबांची शाळा

इफ्तारपूर्वीचा अर्धा तास घराची परीक्षा पाहतो. पोटात भूक, स्वयंपाकघरात घाई आणि मुलाचा मोबाईलसाठी हट्ट. अम्मी नाही म्हणते, मूल रडते, अब्बा ओरडतात, मूल आणखी जोरात रडते. शेवटी शांततेसाठी मोबाईल हातात दिला जातो. रोजा नसलेल्या घरांतही हे रोजचेच.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेराल्ड पॅटरसन यांनी ही ओढाताण १९८२ च्या आपल्या पुस्तकात उलगडली. जोरात रडले की मिळते, हे मूल शिकते. दिले की सुटका होते, हे पालक शिकतात. सवय दोघांनाही लागते. म्हणून बदलाची सुरुवात मोठ्यांनीच करायला हवी.

शीला आयबर्ग यांच्या पद्धतीत पालक मुलाशी खेळतात आणि काचेआडचा समुपदेशक त्यांच्या कानातील यंत्रातून सूचना देतो. घरीही रोज ५ मिनिटे खेळायचे. खेळ मुलाने निवडायचा. त्या वेळात हुकूम नाही, प्रश्नांची सरबत्ती नाही, टीका नाही. मुलाने काय चांगले केले, ते नेमके सांगायचे. शिस्तीचा धडा त्यानंतर.

जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२३ मध्ये पालक-प्रशिक्षणाची शिफारस केली आहे. आपल्या पालकसभा मात्र बहुधा गुणपत्रिकेतच संपतात. त्यातला एक तास यासाठी दिला, तर मोठा खर्च नाही.

रोजा जिभेचाही असतो. तो संयम मुलांच्या वाट्याला यावा, रमजानमध्ये आणि नंतरही.